सोमवारची छाती

विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "युनियनचा माणूस रक्तातल्या पेशींवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. वाचले ते वाचनालयात बसून. पण ह्या विषयाकडे मला पुस्तकाने नव्हे, वडिलांच्या खोकल्याने नेले.

आम्ही गोरेगावला राहायला आलो ते नंतर. त्याआधी वडील गिरणगावात एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. रविवारी सुट्टी. सोमवारी पाळी सुरू होऊन काही तास झाले की त्यांची छाती आवळून येई, संध्याकाळी अंग कसकसे. मंगळवारी त्रास कमी, शनिवारी जवळजवळ नाहीच. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. गिरणीच्या डॉक्टरांचे उत्तर ठरलेले : बिडी सोडा. वडील बिडी ओढत हे खरे. पण बिडी ते रविवारीही ओढत!

आता काटा मोडलेले बोट डोळ्यांपुढे आणा. लाली, सूज, उष्णता, ठणका. ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. आपण त्याला रोग समजतो. वास्तविक ती दुरुस्तीची धावपळ असते. १८८२ साली इटलीत मेसिना येथे मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका! परक्या वस्तूला गिळणाऱ्या ह्याच भक्षकपेशी. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

डॉक्टर मंडळी ह्या पेशींना सैनिक म्हणतात. मला त्या गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यासारख्या वाटतात. पहारेकरी प्रत्येकाचे नाव-गाव विचारत नाही, बिल्ला पाहतो. देवी, गोवर असा एकेक रोग ओळखून लक्षात ठेवणारी शक्ती वेगळी, ती तयार व्हायला दिवस लागतात. ही उपजत शक्ती मात्र काही मिनिटांत जागी होते, कारण ती जंतूंच्या जातीची ढोबळ खूणच ओळखते. अशी एक खूण म्हणजे काही जंतूंच्या कवचातले एंडोटॉक्सिन. ते ओळखणारे पेशीवरचे कुलूप १९९८ साली बॉयट्लर यांच्या प्रयोगशाळेने शोधले. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

कुलपात किल्ली बसली की पेशी रासायनिक हाका घालते. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि उष्णता. त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरते, म्हणून सूज. त्यातूनच पांढऱ्या पेशी बाहेर पडून जागेवर पोहोचतात. हीच हाक मेंदूपर्यंत गेली की ताप येतो.

आता कापूस. बोंडाभोवतालच्या पाल्यावर असले जंतू वाढतात. पाला वाळून कापसात चुरा होतो, जंतू मरतात, पण खूण मरत नाही. कार्डिंगमध्ये ती धुळीबरोबर उडते आणि फुप्फुसात जाते. तिथला पहारेकरी मेलेल्या जंतूचा बिल्ला पाहून शिट्टी फुंकतो. श्वासनलिका सुजतात, आवळतात. रोज शिट्टी ऐकून शरीर थोडे बधिर होते, रविवारच्या विश्रांतीने कान पुन्हा तीक्ष्ण होतात. सोमवारचे कोडे उलगडते ते असे, असे मानले जाते. वर्षानुवर्षे हे चालले तर सूज ओसरत नाही, आणि धाप कायमची जडते.

ह्या रोगाचे नाव बिसिनोसिस. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातल्या कळवावयाच्या रोगांच्या यादीत तो होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि वडील पुन्हा खात्यात गेले नाहीत. सोमवारची छाती गेली, धाप राहिली.

सुताच्या कारखान्यात कोणी असाल तर एवढे करा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर फुंकरीच्या यंत्रावर श्वास मोजून घ्या, आणि दोन्ही आकडे तारखेसह आपल्या वहीत लिहा. वडिलांचा श्वास असा कोणी कधी मोजला नाही.