संथ कापडावरचा श्रीमंत डाव

पूल खेळणाऱ्याला गोल्फ किंवा टेनिसच्या खेळाडूसारखी कमाई आणि मान का मिळू नये? २००५मध्ये केविन ट्रूडो या अमेरिकी माणसाने हा प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल स्वतःचा पैसा ओतून ‘इंटरनॅशनल पूल टूर’ उभी केली. टीव्हीवरच्या लांबलचक जाहिराती आणि नैसर्गिक उपचारांवरचं धडाक्याने खपलेलं पुस्तक ही त्याची ओळख. माणूस वादग्रस्त होता, पण प्रश्न रास्त होता.

त्याने एट-बॉल निवडला. व्यावसायिकांत तेव्हा नाइन-बॉलची चलती होती, पण बारमध्ये, क्लबात सामान्य माणूस खेळतो तो एट-बॉलच. एकाचे सात एकरंगी बॉल, दुसऱ्याचे सात पट्ट्यांचे. आपले संपले की काळा आठ नंबर पॉकेटमध्ये घालायचा. कसलेल्या खेळाडूंना हे फार सोपं जाऊ नये म्हणून टेबलांवर लवदार, संथ कापड लावलं. गुळगुळीत कापडावर पांढरा बॉल अलगद धक्क्यानेही दूर जातो; इथे तो लवकर थांबायचा. पुढच्या फटक्यासाठी तो नेमका जागेवर आणायचा तर मनगटात जोर हवा आणि डोक्यात चार फटक्यांपुढचा हिशेब. या दौऱ्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता, असं मला मनापासून वाटतं.

आणि तो कापडावरचा हिशेब एफ्रेन रेयेसइतका कुणालाच साधला नाही. मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढलेला, लहानपणी उंची पुरत नाही म्हणून खोक्यांवर उभा राहून खेळलेला हा फिलिपिनो ‘जादूगार’. २००५च्या अखेरीस ऑर्लँडोत त्याने माइक सिगलला हरवून दोन लाख डॉलर जिंकले. जुलै २००६मध्ये लास वेगासला जर्मनीच्या थॉर्स्टन होमानने साडेतीन लाख नेले. सप्टेंबरात रीनोला रेयेसने रॉडनी मॉरिसवर ८-६ अशी मात केली. बक्षीस पाच लाख डॉलर! पूलमध्ये पहिल्या क्रमांकाला एवढी रक्कम तोवर कधीच लागली नव्हती.

ती वेळेवर मिळाली मात्र नाही. दौरा एका ऑनलाइन जुगार कंपनीला विकायचं घाटत होतं. त्याच सुमारास अमेरिकेत इंटरनेट जुगाराच्या पैशांच्या व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा आला. ऑक्टोबर २००६मध्ये त्यावर सही झाली आणि सौदा फिसकटला. खेळाडूंना हप्त्यांनी पैसे देण्याचं ठरलं. विमानाचं भाडं, हॉटेलचं बिल पदरचं भरून आलेल्यांनी हप्त्यांची वाट किती बघायची? मला या साऱ्या प्रकरणाचा राग येतो तो इथे. बक्षिसाची रक्कम तिकिटांतून, प्रक्षेपणाच्या हक्कांतून उभी राहिलेली नव्हती. एका माणसाच्या खिशावर आणि होऊ घातलेल्या सौद्यावर दीडशे व्यावसायिकांचा दौरा टांगलेला होता.

रीनोएवढी स्पर्धा त्या दौऱ्याने पुन्हा भरवली नाही. वजन घटवण्याच्या पुस्तकाच्या फसव्या जाहिराती करून न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल ट्रूडोला २०१४मध्ये दहा वर्षांची कैद झाली. पूलशी त्या खटल्याचा काही संबंध नव्हता.