आजीच्या पावलाने कपिलधार

होस्टेलवर महिन्यातून एखादा रविवार असा येतोच की कोणाचे तरी घरचे भेटायला येतात. चिवड्याचा डबा रूमवर पोचण्याआधीच अर्धा होतो, वॉर्डन मॅडमना भेटून होते, आणि मग प्रश्न पडतो, आता यांना फिरायला न्यायचे कुठे? बीडमध्ये याचे उत्तर ठरलेले आहे. कपिलधार! आपल्यापैकी बहुतेक जण सबमिशन संपल्यावर बाईकवर तिथे जाऊन आलेले आहेत. पण मित्रांसोबत जाणे वेगळे आणि आजी, आई-पप्पा आणि आठ वर्षांचा भाऊ यांना घेऊन जाणे वेगळे. हा फरक मला फर्स्ट इयरला कळला नव्हता, म्हणून हा लेख.

आधी ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडेसे. कपिलधार बीडपासून सुमारे २० किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात आहे. कपिल मुनींनी इथे तप केले अशी श्रद्धा आहे, त्यावरून हे नाव. दरीत मन्मथ स्वामींची समाधी आणि जवळच कड्यावरून पडणारा धबधबा. मन्मथ स्वामी हे सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी. ‘परमरहस्य’ हा त्यांचा मराठी ग्रंथ. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते आणि लातूर, नांदेडकडून पायी दिंड्या येतात, कर्नाटक-तेलंगणातूनही लोक येतात. माझ्या आजीचे मामा अशाच एका दिंडीत चालत यायचे. त्यामुळे माझ्यासाठी जो ‘पिकनिक स्पॉट’ होता, तो तिच्यासाठी लहानपणापासून ऐकलेला देव होता.

ऑगस्टमधला रविवार होता. सगळे बीड तिथेच लोटले होते. गाडी बरीच मागे लावावी लागली. मी लीडर! पुढे मी, मागे भाऊ, त्याच्यामागे आई-पप्पा आणि सगळ्यात शेवटी आजी. दर पाच मिनिटांनी मी थांबायचे, आजी जवळ आली की लगेच पुढे निघायचे. म्हणजे विश्रांती मला मिळत होती, जिला हवी होती तिला नाही! आधी धबधबा, मग दर्शन असा माझा प्लॅन. धबधब्याजवळ भाऊ शेवाळावरून घसरला आणि हनुवटी फुटली. रुमाल दाबून आम्ही तसेच परत फिरलो. चढ चढताना आजी तीनदा बसली. दर्शन राहिलेच. गाडीत ती एवढेच म्हणाली, “असू दे गं, कळस तर दिसला.” हनुवटीचे टाके आठ दिवसांत निघाले, पण हे वाक्य माझ्या मनातून निघाले नाही.

आता इंजिनिअरिंगची मुलगी म्हटल्यावर चूक कुठे झाली ते शोधणे आलेच. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक साधा नियम दिला. दर ३ मैलांना एक तास आणि वर दर २००० फूट चढाला आणखी एक तास. आपल्या हिशोबात साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि १०० मीटर चढाला १० मिनिटे जास्त. समजा वाट दीड किलोमीटर आणि चढ ५० मीटर. म्हणजे १८ अधिक ५, एकूण २३ मिनिटे. माझ्या रूम पार्टनरसाठी उत्तर अगदी बरोबर! पण हा नियम धडधाकट माणसासाठी आहे. गुडघे दुखणारी आजी किंवा दर दगड उचलून बघणारा भाऊ यात बसत नाही. आम्हाला त्या दिवशी तासाच्या वर लागला. म्हणून माझा सुधारित नियम असा : नेस्मिथचे उत्तर काढा, त्याला तीनने गुणा, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला सगळ्यात पुढे ठेवा. वर्गात टॉपर स्पीड ठरवतो, घरच्यांसोबत मात्र शेवटच्या माणसानेच ठरवायचा.

दुसरी गोष्ट. किल्ल्यावर जाताना चढ आधी असतो, दमलो की अर्ध्यातून परत येता येते. कपिलधार दरीत आहे, म्हणजे उतार आधी आणि चढ परतताना! जाताना सगळे फ्रेश दिसतात, त्यावर जाऊ नका. निम्मी ताकद परतीसाठी ठेवायची.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपले डोंगर बसाल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते, वरचा घट्ट थर पुढे राहतो आणि कडा तयार होतो. अशा ठिकाणी धबधबे होतात. पण याच डोंगरावर माती पातळ, त्यामुळे जोराच्या पावसात बरेचसे पाणी न मुरता थेट ओढ्यात येते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी मागच्या पठारावर पाऊस झाला की लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो राहू द्या आणि सगळ्यांना घेऊन वर या. धबधब्याच्या तुषारांनी दगड कायम ओला राहतो, तिथे शेवाळ असणारच. लहान मुलांचा हात धरायचा, आणि स्लीपर नको, पट्ट्याचे सँडल हवे.

मग कधी जायचे? ज्यांना पाणी बघायचे त्यांनी पावसाळ्यात, पण रविवार सोडून आणि सकाळी लवकर. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत त्यांनी यात्रेची गर्दी ओसरल्यावर. धार बारीक झालेली असते, पण वाट कोरडी असते आणि ऊन सोसते. त्याआधी, पावसाळा सरता सरता गेलात तर या भागात सीताफळेही मिळतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळाले आहे, म्हणजे ती पिशवी घरी नेणे आपले कर्तव्यच!

ज्यांना चढ-उतार अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी आणखी दोन जागा. मांजरसुंब्याकडे जातानाच खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी विहिरीत येते आणि बोगद्यातूनच शेताकडे जाते. पंप नाही, मोटर नाही, फक्त उतार! सिव्हिलवाल्यांनी आई-पप्पांना समजावून सांगावे, चार वर्षांच्या फीचे समाधान त्यांना तिथेच मिळेल. मुलांना मात्र काठाशी जाऊ देऊ नका. दुसरी जागा गावातच, कंकालेश्वर. पाण्याच्या मधोमध उभे असलेले जुने दगडी मंदिर. सपाट वाट, बसायला जागा. संध्याकाळचा एक तास छान जातो.

असो. सेकंड इयरला, नोव्हेंबरमधल्या एका साध्या मंगळवारी, मी घरच्यांना परत घेऊन गेले. लेक्चर बुडवले, हे सरांनी वाचले तरी आता हरकत नाही! गाडी जितकी जवळ जाते तितकी नेली. आजी सगळ्यात पुढे, आम्ही तिच्यामागे. दर थांब्याला ती उठेल तेव्हाच निघायचे, असे ठरले होते. आधी दर्शन, मग धबधबा. समाधीसमोर ती पाऊण तास बसली. मामांसोबत तिच्या घरी यायचे ते अभंग ती हळू आवाजात म्हणत होती, आणि मला ते पाठ नाहीत याची पहिल्यांदाच लाज वाटली. भाऊ धबधब्याजवळ गेला तो पप्पांचा हात धरून. मी घड्याळ बघितले नाही.

परतीच्या चढावर मी सवयीने दोन पावले पुढे गेले, तर मागून आवाज आला, “कुठं पळतीस गं? मी पुढं हाय ना!”

तर मंडळी, पुढच्या वेळी घरचे आले की त्यांना नक्की घेऊन जा. फक्त आपल्या पावलाने नाही, त्यांच्या पावलाने.