घरातील लेथ : हौस की चैन?

लहानसे लेथ मशीन घरी घ्यावे काय, असा प्रश्न अलीकडे बुलढाणा, चिखली आणि खामगाव अशा तीन ठिकाणच्या बांधवांनी आम्हाला विचारला. विचारणारे कारखानदार नव्हेत. एक शाळेत शिक्षक आहेत, दुसरे एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. तिसऱ्या घरातील मुलगा आय.टी.आय.मध्ये टर्नर झाला, बाहेरगावी कारखान्यात लागला आणि आता सुट्टीत घरी आला की त्याचे हात शिवशिवतात. तिघांनाही धंदा करायचा नाही. छोटे वाफेचे इंजिन, विहारासाठी पितळी मेणबत्तीदान, नातवाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पवनचक्की असे काही स्वतःच्या हाताने घडवावे, एवढीच इच्छा. आणि तिघांच्याही घरी पहिला प्रश्न एकच निघाला : "यातून मिळणार काय?"

हा प्रश्न करणाऱ्या माऊलीला आम्ही दोष देणार नाही. पगारदाराच्या घरात मुलांची फी, घराचा हप्ता आणि म्हाताऱ्यांची औषधे गेल्यावर जे उरते, ते लोखंडात घालणे सोपे नाही. परंतु आपल्या घरात यंत्र आले ते नेहमी पोटासाठीच आले. शिलाई मशीन आले, पिठाची गिरणी आली, वेल्डिंगचा संच आला, तो चार पैसे मिळावेत म्हणून. हौसेसाठी यंत्र घेणे हे आपल्याला अजून लाजिरवाणे वाटते. त्याचे कारण केवळ गरिबी आहे, असे आम्हाला वाटत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा 'बाटतो' म्हणून. पगार चांगला ते खाते बंद, आणि कमी पगाराची खाती तेवढी मोकळी. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे नेटाने मांडला. म्हणजे यंत्राजवळ उभे राहण्याचा हक्कसुद्धा आपल्याला मागून घ्यावा लागला आहे. पुढे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली, तीही केवळ उत्पादन वाढते म्हणून नव्हे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत असल्याशिवाय माणूस पशूच्या जिण्यातून वर येऊन संस्कृतीकडे वळू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. फुरसतीत यंत्र चालविणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा जरूर वाचावे.

ज्यांनी लेथ पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मराठी कोशात त्याला कातयंत्र म्हणतात. ड्रिल मशीनमध्ये हत्यार फिरते आणि वस्तू स्थिर असते. इथे उलट आहे. वस्तू, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'जॉब', चकमध्ये पकडून गरगर फिरवायची आणि स्थिर धरलेल्या टूलने तिला छिलायचे. लाकडाचे असे काम आपल्याकडे कातारी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. टूल त्यांच्या हातात असे, म्हणून कसबही त्या हातातच आणि त्या घरातच राहिले. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे पाडणारे लोखंडी लेथ बनविले. त्यात टूल हाताने न धरता सरकत्या पकडीत बसविलेले होते आणि ते स्क्रूने मोजून पुढे-मागे होई. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट घडली. धातू किती कापायचा हे आता जन्मजात हातावर राहिले नाही, चाकावरच्या आकड्यावर आले. आकडा कोणालाही वाचता येतो. आपल्या देशात १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आय.टी.आय. उभ्या राहिल्या. तेथे लोहाराच्या मुलाशेजारी आपला मुलगा त्याच लेथवर उभा राहतो, आणि दोघांचाही जॉब एकाच मायक्रोमीटरने तपासला जातो.

विलायतेत घरगुती लेथ ही जुनीच गोष्ट आहे. तेथे 'मॉडेल इंजिनिअर' नावाचे हौशी लोकांचे नियतकालिक १८९८ साली निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मायफर्ड कंपनीचे एमएल ७ हे लहान लेथ तेथील अनेक घरांच्या मागच्या खोपट्यांत जाऊन बसले. आपल्याकडे मात्र लेथ म्हणजे कारखान्याची वस्तू. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर १९४१ ची आणि बंगलोरची एचएमटी १९५३ ची. दोघांचेही गिऱ्हाईक कारखाने आणि वर्कशॉप. पंजाबातील बटाला आणि गुजरातेतील राजकोट येथील लेथ तर गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत पोहोचले. खामगावात १८७० साली रेल्वेचा फाटा आला. कापसाचा बाजार वाढला, जिनिंग-प्रेसिंग आले, आणि यंत्र आले की दुरुस्तीही आलीच. आपल्या जिल्ह्यात लेथची घरघर नवी नाही, ती घरात शिरलेली नाही एवढेच.

आता खरेदीकडे वळू. मार्ग दोन आहेत.

एक, जुने साडेचार फुटी किंवा सहा फुटी बटाला लेथ. आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवरून फुटात मागतात. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून असा माल जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडे येतो. वजन शेकडो किलो, त्यामुळे खाली पक्के काँक्रीट हवे, आणि मोटार बहुधा थ्री फेजची असते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने हा विचारच सोडावा. मात्र अंगणात पत्र्याची खोली असेल व पारख असेल, तर याच्याइतका भक्कम सौदा नाही. पारख अशी करावी : चकजवळचा बेड सर्वांत जास्त झिजलेला असतो. कॅरेज तेथे आणून त्याच्या पट्ट्या घट्ट कराव्यात आणि ते टेलस्टॉकच्या टोकाकडे ढकलावे. वाटेत अडकले तर बेड झिजला आहे असे समजावे. चकमध्ये गज धरून हाताने वर-खाली दाबावा आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहावे. नवा रंग पाहून भुलू नये. जुन्या मशीनला घाईने दिलेला हिरवा रंग आणि स्थळ पाहायच्या दिवशी मुलाने घातलेला कोट, दोन्ही सारखेच.

दोन, नवे छोटे बेंच लेथ. यांतील बहुतेक चिनी घडणीची असतात, नाव कोणाचेही असो. साधारण सात इंच व्यासाचा जॉब फिरेल आणि एक फुटापर्यंत लांबी बसेल अशी मशीन चाळीस किलोच्या आसपास भरते, भक्कम टेबलावर राहते आणि घरच्या सिंगल फेज विजेवर चालते. यातील दुखणी ठरलेली आहेत. वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी जळते, प्लॅस्टिकचे गिअर दात सोडतात. म्हणून पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा : ही पाटी आणि हे गिअर तुमच्याकडे सुटे मिळतात काय? उत्तर येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. उन्हाळ्यात आपल्याकडे विजेचा दाब खालीवर होतो, तेव्हा स्टॅबिलायझर आणि खरे अर्थिंग हवेच.

हिशेबनीस असल्यामुळे आम्हाला पुढचे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेथवर अठरा टक्के जीएसटी आहे. नोंदणी असलेले वर्कशॉप तो पुढे वळता करून घेते, पगारदाराला तो खिशातूनच जातो. बुलढाण्याला रेल्वे नाही, म्हणजे ट्रान्सपोर्टचे भाडे आणि हमाली आली. शिवाय टूल, टूल होल्डर, ड्रिल चक, व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज, ग्राइंडर. जितका पैसा एकूण हाताशी असेल, त्याच्या दोन तृतीयांशात मशीन बसले पाहिजे. सगळा पैसा मशीनवर घालणाऱ्याचे मशीन चादरीखाली पडून राहते. कर्ज काढून हौस करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

चार घरांनी मिळून एक लेथ घ्यावे, असेही सुचविले गेले. कल्पना चांगली. परंतु सामाईक मशीनची चकची किल्ली कोणाकडे असते, हे ज्याने सामाईक सतरंज्या-भांडी सांभाळली आहेत त्याला विचारावे.

घरातील माणसांसाठी दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. फिरत्या चकजवळ पदर, ओढणी, मोकळे केस, लांब बाही, मफलर, हातमोजे यांतले काहीही नको. हातमोज्याने हात वाचतो असे वाटते, पण तोच पकडला जातो आणि हात आत ओढतो. चकची किल्ली चकमध्ये ठेवून बटण दाबले तर ती गोळीसारखी उडते. डोळ्यांवर गॉगल पाहिजेच. आणि आपल्या घरात सारे अनवाणी वावरतात. लोखंडाचा कीस चुंबकाने उचलता येतो, पितळेचा येत नाही. मशीन स्वयंपाकघराला लागून ठेवू नये.

त्या तिघांना आम्ही काय सांगितले? निवृत्त बांधवांना जुने बटाला घ्या म्हणालो, कारण त्यांना पारख आहे आणि अंगणही आहे. गुरुजींना नवे छोटे, तेही आधी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये काही रविवार उभे राहून मग. मुलाच्या आईला मात्र आम्ही वेगळे सांगितले. दिवसभर कारखान्यात तो एकाच मापाचे शेकडो नग काढतो. नकाशा दुसऱ्याचा, माप दुसऱ्याचे. घरच्या लेथवर तो पहिल्यांदा स्वतःचा नकाशा काढील. त्याला त्याच्या पगारातून घेऊ द्या, आणि काय मिळाले ते विचारू नका. माऊली गप्प राहिल्या, पण माळ्यावरचे सामान हलवून खालची खोली मोकळी केल्याचे मागाहून कळले.

मशीन आल्यावर गंजरोधक ग्रीस रॉकेलने नीट पुसून काढावे, तेल द्यावे, टेबलाला बोल्टने घट्ट बसवावे आणि अर्धा तास रिकामेच हळू चालवावे. पहिला जॉब पितळेचा घ्यावा. पितळ कोरडेच कापले जाते, मात्र टूलचा माथा सपाट हवा, धार उतरती ठेवली तर ते जॉबमध्ये घुसते. लोखंडाला नंतर हात घालावा. वेगाचा हिशेब सोपा आहे : साधे लोखंड हायस्पीड टूलने मिनिटाला पंचवीस मीटर धरले, तर २५ मिलिमीटर गजासाठी सुमारे ३२० फेरे आणि १० मिलिमीटरसाठी सुमारे ८०० फेरे येतात. हा तक्ता पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या वर भिंतीला टांगावा. फवारणी पंपाचा पितळी नोझल झिजला असेल तर तो समोर ठेवून तसाच दुसरा काढून पाहावा. पहिले दोन-तीन भंगारात जातील. पितळेचे भंगार विकले जाते.