सूपच्या बरणीत मीठ नको

पावसाळा लागला की घरगुती सूप-मिक्सच्या पाककृतींना उधाण येतं. मक्याचं पीठ, टोमॅटो पावडर, कांदा पावडर, पिठीसाखर, मीठ, मिरपूड असं सगळं एकत्र करून बरणीत भरायचं आणि लागेल तेव्हा दोन चमचे उकळत्या पाण्यात घालायचे. पाकिटापेक्षा स्वस्त आणि शुद्ध, असा दावा त्यामागे असतो. पंधरा-वीस दिवसांत या बरणीची तक्रार येऊ लागते. मिश्रण ओलसर होतं, मग त्याचा गोळा होतो आणि शेवटी चमचा उभा करून टोकरावं लागतं. मग दोन प्रश्न विचारले जातात. पाकिटातलं सूप मोकळं राहतं, मग घरचंच का घट्ट होतं? आणि एवढा खटाटोप करून पैसे वाचतात तरी का? हे दोन प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांचं उत्तर एकच आहे. बरणीतून मीठ आणि साखर बाहेर काढली की मिश्रण टिकतंही आणि स्वस्तही पडतं. बहुतेक पाककृती नेमकं याच्या उलट सांगतात, म्हणून हे जरा तपशिलात पाहायला हवं.

आधी पैशाचं बघू. पाकिटाच्या मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. टोमॅटो सूपच्या अनेक पाकिटांवर पहिल्या चार-पाच नावांतच मक्याचा स्टार्च किंवा मैदा, साखर आणि मीठ भेटतात. आता पाकिटांवर प्रतिग्रॅम किंमतही छापतात. तिला हजाराने गुणलं की किलोचा भाव निघतो आणि तो मूगडाळीच्या किंवा कुळथाच्या भावाच्या कित्येक पट असतो. म्हणजे त्या पाकिटातलं मीठ आणि साखर आपण डाळीहून चढ्या दराने घेतो. घरी मिश्रण करताना तीच यादी समोर ठेवून नक्कल केली, तर पाकिटाची किंमत वाचते खरी; पण पाकिटाला ज्या सोयी असतात त्या आपल्याकडे नसतात. पाकीट ॲल्युमिनियमचा थर असलेल्या वेष्टणात आणि कोरड्या केलेल्या हवेत भरलेलं असतं. पुष्कळदा त्यात गोळे होऊ नयेत म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे यादीतला ‘५५१’, घातलेला असतो. ते पाकीट फोडून जुलै महिन्यात ओट्यावर ठेवलं तर त्याचाही गोळा होतोच.

हा गोळा का होतो हे कळायला एका शास्त्रज्ञाचं काम माहीत असायला हवं. त्याचं नाव अन्नतंत्रज्ञानाच्या पुस्तकांबाहेर फारसं कुणी घेत नाही. विल्यम जेम्स स्कॉट हा ऑस्ट्रेलियाचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियाहून बोटीने विलायतेला जाणारं गोमांस वाटेत का बिघडतं, या अगदी व्यापारी प्रश्नापासून त्याने १९३०च्या दशकात सुरुवात केली. तोवर सगळे एकच मोजत होते, पदार्थात पाणी किती टक्के आहे. पण त्या टक्केवारीवरून पदार्थ टिकेल की नाही हे सांगता येत नव्हतं. एका पदार्थावर जेवढ्या पाण्यात जंतू वाढत, तेवढ्याच पाण्यात दुसऱ्यावर ते मुळीच वाढत नसत. १९५३ साली स्कॉटने विषबाधा करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे चौदा वाण घेतले आणि ते वेगवेगळ्या द्रवांमध्ये, तसंच सुकवलेलं मांस, सुकवलेलं दूध आणि सुकवलेलं सूप यांवर वाढवून पाहिले. पाण्याची टक्केवारी प्रत्येक ठिकाणी निराळी होती, पण जंतूंची वाढ थांबण्याची रेषा एकच निघाली. ती रेषा पाण्याच्या क्रियाशीलतेची होती आणि तिचा आकडा होता ०.८६.

घरात संपत्ती किती आहे आणि गृहिणीच्या हाती खेळता पैसा किती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. जमिनीत, दागिन्यांत, मुदतठेवीत अडकलेला पैसा मोजायला मोठा, पण वाण्याकडे जाताना त्याचा उपयोग शून्य. पदार्थातल्या पाण्याचंही तसंच आहे. मीठ, साखर, प्रथिनं आणि स्टार्च बरंचसं पाणी अडकवून ठेवतात. जे मोकळं उरतं तेवढंच जंतूंच्या वाट्याला येतं. हे मोकळेपण, म्हणजेच पाण्याची क्रियाशीलता, ० ते १ या मोजपट्टीवर मोजतात. शुद्ध पाण्याचं १. बहुतेक जंतूंना ०.९ च्या वरचं मोकळं पाणी लागतं, बऱ्याचशा बुरशा ०.८ च्या खाली हार मानतात आणि ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. नीट भाजून दळलेलं पीठ किंवा मसाला या शेवटच्या रेषेच्याही बराच खाली असतो. आज अन्नसुरक्षेचे नियम जगभर पाण्याच्या याच क्रियाशीलतेचा आधार घेतात. इतक्या मोठ्या उपयोगाच्या कल्पनेमागचा माणूस इतका अनोळखी राहावा, ही खेदाची गोष्ट आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. मीठ तर टिकवण्यासाठीच घालतात. लोणच्यात घालतात, काही घरांत वर्षाच्या तिखटातही कालवतात. मग सूपच्या मिश्रणातून ते का काढायचं? याचं उत्तर स्कॉटच्याच मोजपट्टीत आहे. लोणच्याच्या फोडींत पाणी भरपूर असतं आणि मीठ त्या पाण्याला अडकवून ठेवतं. कोरड्या पिठात अडकवण्याजोगं मोकळं पाणीच नसतं, त्यामुळे तिथे मिठाला राखणदारीचं काम उरत नाही. उलट बाहेरच्या हवेतलं पाणी आत आणायचं काम ते करू शकतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मिठाचा कण हवेतलं बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागतो. त्या मर्यादेच्या खाली तो जवळजवळ कोरडा राहतो. एप्रिलच्या दुपारी नागपूरची हवा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कोरडी असते; तिथे त्या दिवसांत मीठ घातलेलं तिखट खुशाल राहतं. जुलैत मुंबई-रत्नागिरीची हवा दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे त्याच तिखटाला पाझर फुटतो. पद्धत चुकीची नाही, ती एका हवामानाची आहे.

साखर सोबत आली की गोष्ट आणखी बिघडते आणि हा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. नुसती साखर साधारण ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी राहते, मीठ ७५ पर्यंत. दोन्ही एकत्र केल्यावर ७५ ची मर्यादा टिकेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे मिश्रण ६३ टक्क्यांच्या आसपासच ओलावू लागतं. दोन कण जिथे एकमेकांना चिकटतात तिथे पाण्याचा अगदी पातळ थर जमतो. त्यात मीठही विरघळतं आणि साखरही. दोघांनी मिळून ते पाणी इतकं घट्ट अडकवलेलं असतं की ते हवेत परत जात नाही, उलट आणखी बाष्प ओढून घेतं. तिसरा विरघळणारा पदार्थ, समजा लिंबूफूल, घातला की मर्यादा अजून खाली येते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लिन टेलर आणि लिसा माउअर यांच्या गटांनी अशा मिश्रणांवर बरंच काम केलं आहे. तेव्हा मीठ, पिठीसाखर आणि लिंबूफूल एका बरणीत कालवायला सांगणारी पाककृती म्हणजे पावसाळ्यात गोळा होण्याचीच कृती आहे. हे तिन्ही पदार्थ घरात वेगवेगळ्या डब्यांत असतातच. ते उकळत्या पातेल्यात पडले तर चवीत काही फरक पडत नाही, आणि मीठ किती घालायचं हे ज्याच्या-त्याच्या रक्तदाबाप्रमाणे ठरवता येतं.

मग बरणीत उरतं काय? जे मुळात असायला हवं होतं ते, भाजलेल्या डाळींचं पीठ आणि मसाला. कोरड्या सूपचा इतिहास डाळींपासूनच सुरू होतो. १८६७ साली बर्लिनच्या योहान हाइनरिश ग्र्युनेबर्ग या स्वयंपाक्याने वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला एकत्र दाबून सॉसेजच्या आकाराची कांडी केली. १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाचं सैन्य ती पाण्यात उकळून जेवलं, आणि हा प्रकार जर्मनीत २०१८ पर्यंत बाजारात होता. १८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये फ्रिडोलिन शूलर या डॉक्टर आणि कारखाना-निरीक्षकाने पाहिलं, की गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ नाही आणि त्यांच्या घरच्या जेवणात प्रथिनं नाहीत. झटपट शिजणारं, स्वस्त डाळींचं पीठ हवं हा आग्रह त्याचा. ते बनवलं ज्युलियस मॅगी या गिरणीमालकाने. आज मॅगीचं नाव घरोघरी आहे, शूलरचं कुणाला ठाऊक नाही. त्याने कष्टकऱ्यांच्या प्रथिनांसाठी मागितलेल्या पाकिटात आज मुख्यतः स्टार्च, साखर आणि मीठ असतं, याची मला खंत वाटते.

कोकणात मात्र ही कल्पना कुणी शोधून काढावी लागली नाही. कुळथाची पिठी म्हणजे झटपट सूपचंच पीठ. कुळीथ मंद आचेवर खरपूस भाजायचे, भरडून पाखडायचे, टरफल काढून बारीक दळायचे. भाजण्यात तीन कामं एकदम होतात. दाण्यातलं पाणी आणखी उतरतं, कच्चट वास आणणारी विकरं निकामी होतात आणि खमंग वास तयार होतो. पिठीत जिरं, मिरे, सुंठ, हळद, हिंग यांची पूड मिसळली की बरणी तयार. जरा दाटपणा हवा तर भाजलेल्या तांदळाचं थोडं पीठ. चार वाट्या सूपला ५०-६० ग्रॅम पुरतं. मेतकूटही याच जातीचं, आणि त्याचंही सूप उत्तम होतं. फक्त पिठी थेट उकळत्या पाण्यात टाकायची नाही. स्टार्चचे कण ६०-७० अंशांना फुगून चिकट होतात. उकळत्या पाण्यात पिठाचं ढेकूळ पडलं की त्याचा बाहेरचा थर क्षणात खळीसारखा होतो, पाणी आत शिरत नाही आणि मधलं पीठ कोरडंच राहतं. आधी गार पाण्यात कालवून घेतलं की प्रत्येक कण सुटा भिजतो. मग लसणीच्या फोडणीत पाणी ओतून उकळी आणायची आणि कालवण सोडत ढवळत राहायचं. मीठ आणि कोकम या वेळी.

पाकिटाची चव याला येईल का, हा आक्षेप रास्त आहे. पाकिटातल्या चवीचा मोठा वाटा ग्लुटामेटचा असतो. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्रशेवाळातून ते वेगळं काढलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं, की ग्लुटामेट आणि असे न्यूक्लिओटाइड एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. आपल्या स्वयंपाकघरात टोमॅटोत ग्लुटामेट आहे, सुकटीत आणि सोड्यांत न्यूक्लिओटाइड आहेत. सुकट भाजून केलेली चमचाभर पूड टोमॅटोच्या सारात टाकली की कुनिनाकांचा गुणाकार जिभेला कळतो. शाकाहाऱ्यांसाठी सुकवलेले शिताके मशरूम आहेत. आणि कुणी चिमूटभर मोनोसोडियम ग्लुटामेटच घातलं तर त्यात भिण्यासारखं काही नाही; टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि डबीतलं ग्लुटामेट जिभेला आणि पोटाला सारखंच.

टोमॅटो-कांदा घरी सुकवण्याच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. एक किलो टोमॅटोत सुमारे ९४० ग्रॅम पाणी असतं. ते नुसतं बाष्प करायला २२ लाख ज्यूलच्या वर ऊर्जा लागते, म्हणजे ०.६ युनिट वीज. घरच्या ओव्हनमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त उष्णता हवेबरोबर निघून जाते, म्हणजे दोन युनिट तरी धरावीत. हाती लागते साठेक ग्रॅम पावडर. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर हेच काम फुकट होतं, पावसाळ्यात ओव्हनमध्ये करण्यात बचत नाही. त्यापेक्षा जळगाव आणि गुजरातेतल्या महुव्याच्या कारखान्यांत सुकवलेला कांदा सुटा विकत घ्यावा आणि पिठीत न मिसळता वेगळ्या डबीत ठेवावा, कारण त्यातली नैसर्गिक साखर लगेच ओलावा धरते.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. कोरडेपणा जंतूंची वाढ थांबवतो, त्यांना मारत नाही. साल्मोनेला कोरड्या मसाल्यात महिनोन्‌महिने तग धरतो आणि बॅसिलस सेरियसचे बीजाणू तर उकळण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून वाफाळत्या पातेल्यावर बरणी धरून त्यात चमचा घालायचा नाही. वाफ आत जाऊन थंड होते आणि जिथे थेंब पडतो तेवढ्या पिठात स्कॉटची रेषा ओलांडली जाते. बरणीतलं पीठ आधी कोरड्या वाटीत काढून घ्यावं. सूप खळखळून उकळावं आणि गरम असतानाच संपवावं. उरलंच तर पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं. रात्रभर ओट्यावर राहिलेलं सूप सकाळी उकळून खाऊ नये, कारण बॅसिलस सेरियसने तोवर तयार केलेलं उलटी घडवणारं विष उकळण्याने जात नाही. त्यापेक्षा लागेल तेवढंच करावं. पिठी एका वाटीपुरतीही कालवता येते.