उन्हांत राबणाऱ्याचें वस्त्र

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास उन्हाळा कसा असतो हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि त्याच दिवसांत नांगरट, खत पसरणें, बांधबंदिस्ती हीं कामें उरकावयाचीं असतात. बैलांस आपण दुपारीं झाडाखालीं सोडतों. परंतु रोजानें आलेल्या माणसाची तितकी काळजी सर्वत्र घेतली जातेच असें नाहीं. अलीकडे अंग थंड ठेवणारीं वस्त्रें बाजारांत आलीं आहेत. त्यांचा आपणांस उपयोग किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

आपली त्वचा सुमारें ३५ अंश उष्ण असते. हवा त्याहून तापली म्हणजे अंगांतली ऊब बाहेर जाण्याऐवजीं बाहेरचीच आंत येऊं लागते. अशा वेळीं घाम सुकणें हाच एक मार्ग उरतो. १ लिटर घाम अंगावर सुकतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उलट १ किलो बर्फ वितळतांना अवघी ८० शोषतो. माठांतलें पाणी थंड होतें तें याच न्यायानें.

नव्या वस्त्रांचे प्रकार मुख्यतः चार. पहिल्यांत बारीक नळ्यांतून गार पाणी खेळवितात. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या वीरांच्या अंगांत असेंच वस्त्र होतें. तें आपल्या कामाचें नव्हे. दुसऱ्यांत बर्फाच्या किंवा मेणासारख्या द्रव्याच्या पिशव्या असतात. कष्टाचें काम करणाऱ्याच्या शरीरांत ताशीं ३०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता निर्माण होते. तेव्हां २ किलो बर्फाची १६० किलोकॅलरींची शिल्लक अर्ध्या तासाच्या आसपास संपते, आणि पुढें ओझें तेवढें राहतें. तिसरा प्रकार पंख्याच्या बंडीचा. जपानांत २००४ सालीं स्थापन झालेल्या एका कंपनीनें ती प्रचारांत आणली. परंतु हवा ४० अंशांवर गेली असतां आंत ओलावा नसेल, तर पंखा अंगावर झळच ओततो.

चौथा प्रकार ओल्या बंडीचा व गळपट्ट्याचा. यांत पाणी धरून ठेवणारे कण भरलेले असतात. जमिनींत ओल टिकावी म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें काढलेलें ‘पुसा हायड्रोजेल’ ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हें तत्त्व सहज उमगेल. पाणी हळूहळू सुकतें व अंग निवतें. ही उष्णता कांहीं अंगांतून व कांहीं हवेंतून घेतली जात असल्यानें सगळाच लाभ शरीरास मिळत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आमच्या मतें सोलापूरच्या कोरड्या हवेस हाच प्रकार मानवतो. आणि त्यासाठीं कांहीं हजार रुपये मोजण्याची गरज नाहीं. सोलापुरी टेरी टॉवेलास २००५-०६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच्या उभ्या फासांत पाणी पुष्कळ राहतें. तो भिजवून, पिळून डोक्यावर व मानेवर घ्यावा. अंगांत सैल, पांढरा, सुती सदरा असावा. लुगड्यावरून जुना सदरा चढविणाऱ्या बायांनीं त्याची पाठ ओली केली तरी पुरे. महसूल खात्याच्या नोकरींत आम्ही चारा छावण्यांच्या तपासणीस जात असूं, तेव्हां जाणते लोक दर तासास पंचा भिजवितांना पाहिले आहेत.

मात्र ओलें वस्त्र सर्वत्र चालत नाहीं. उभ्या उसांत वारा नसतो व हवा दमट असते. मृगाच्या पहिल्या पावसानंतरही तसेंच होतें. तेथें पाणी सुकत नाहीं, सबब गारवाही मिळत नाहीं. तेथें कामाची वेळ बदलणें हाच उपाय.

फवारणीचा विचार निराळा करावा. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या विषबाधेनें अनेक शेतकरी-मजूर दगावले. औषध अंगास लागूं न देणारा पोशाख घामही सुकूं देत नाहीं, म्हणून उकाड्यांत तो कोणास नकोसा होतो. पण त्याऐवजीं ओला टॉवेल गुंडाळणें घातक. भिजलेल्या कापडांतून विष त्वचेंत शिरतें. यास्तव फवारणी सकाळच्या गारव्यांत पूर्ण पोशाखानें उरकावी आणि स्नान करून कपडे बदलल्यावरच ओला पंचा घ्यावा.

वस्त्र हें पाण्याची जागा घेत नाहीं. दर १५-२० मिनिटांनीं पेलाभर पाणी प्यावें. आडोसा नसल्यामुळें पुष्कळ बाया दिवसभर पाणी पिण्याचें टाळतात. ती सोय करणें शेतमालकाचें काम आहे. कोणी बरळूं लागला, झोकांड्या खाऊं लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलींत निजवून अंगावर भरपूर पाणी ओतावें, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये.

बांधावर सावलींत एक भरलेला रांजण, माणसागणिक एक टॉवेल आणि दुपारीं १२ ते ३ पर्यंत सुट्टी, एवढ्याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीहून फारसा अधिक नाहीं. तो करण्यास वाचकांनीं येत्या उन्हाळ्याची वाट पाहूं नये; तयारी आतांच करून ठेवावी.