तात्या विंचू पडद्याबाहेर येतो तेव्हा

1993 साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला आणि त्या पिढीतली निम्मी पोरं घरातल्या बाहुलीकडे पाठ करून झोपेनाशी झाली. मंत्रतंत्र बाजूला ठेवा, ही गोष्ट विज्ञानकथेच्या भावकीतलीच आहे. एका देहातलं मन काढून दुसऱ्यात घालायचं. मंत्राच्या जागी यंत्र आणलं की झाली विज्ञानकथा. वीस वर्षांनी, जून 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ आला तो मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून. तात्या विंचू आता थेट प्रेक्षकांच्या अंगावर येणार होता.

पण पडदा तर सपाट. मग येतो कसा?

कळंबच्या मांजरा नदीच्या पुलावर उभे राहा. हात लांब करून अंगठा दूरच्या एखाद्या झाडासमोर धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. अंगठा टुणकन उडी मारतो. फक्त डावा डोळा उघडा असेल तर तो झाडाच्या उजवीकडे दिसतो, फक्त उजवा उघडा असेल तर डावीकडे. दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर, त्याची ही करामत. मेंदू ही दोन चित्रं जुळवतो आणि अंगठा जवळ आहे हे आपल्याला न सांगता कळतं.

थ्रीडी सिनेमा हीच उडी पडद्यावर मारून दाखवतो. एकाच दृश्याची दोन चित्रं पडद्यावर पडतात. डाव्या डोळ्यासाठीचा बाहुला किंचित उजवीकडे, उजव्या डोळ्यासाठीचा डावीकडे. दोन्ही नजरा पडद्याच्या अलीकडेच एकमेकींना छेदतात आणि जिथे छेदतात तिथे, रिकाम्या हवेत, तात्या उभा!

राहिला प्रश्न ज्याचं चित्र त्याच डोळ्याला पोचवण्याचा. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत एकच प्रोजेक्टर डावं-उजवं चित्र आळीपाळीने, सेकंदाला 144 वेळा फेकतो. एका चित्राच्या प्रकाशलहरी डावी गिरकी घेत येतात, दुसऱ्याच्या उजवी. चष्म्याची प्रत्येक काच आपल्या गिरकीचा प्रकाश तेवढा आत घेते, दुसऱ्याला दारातूनच परत पाठवते. त्यासाठी पडदा मात्र चंदेरी लागतो. साध्या पांढऱ्या कापडावर आपटला की प्रकाश आपली गिरकी विसरतो. येरमाळ्याच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला, तरी त्या कापडावर हा तात्या बाहेर यायचा नाही. चष्मा लावूनही प्रत्येक गोष्ट दोन-दोन दिसेल.

मला खरी गंमत वाटते ती बाहुल्याच्या उंचीची. पडद्याबाहेर आलेल्या वस्तूला पडद्याची कड कापून गेली की खेळ बिघडतो. धिप्पाड माणूस पुढे आणला की त्याचे पाय खालच्या कडेला तुटतात, आणि जवळ असलेल्या माणसाला लांबची चौकट कशी कापेल, म्हणून मेंदू गोंधळतो. छोटासा बाहुला डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत मावतो, म्हणून खुशाल बाहेर येतो. थ्रीडीला खलनायक शोधायचा तर याहून सोयीचा मिळणं कठीण.

सिक्वेलचा मोठा शत्रू वय. 1982 च्या ‘ट्रॉन’चा पुढचा भाग ‘ट्रॉन: लेगसी’ 2010 मध्ये आला, तेव्हा त्याचा नायक जेफ ब्रिजेस साठीला टेकला होता, पण संगणकाच्या आत राहणारा त्याचा प्रतिरूप क्लू म्हातारा होऊन कसं चालेल? मग तरुण ब्रिजेसचा चेहरा संगणकावर घडवावा लागला. तरीही त्याच्या ओठांकडे बघताना काहीतरी खटकतं. तात्याला असल्या उपचाराची गरज नव्हती. 1993 चा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. पाध्यांच्या घरात अर्धवटराव हा बोलका बाहुला तर पिढी ओलांडून बोलता राहिलेला. बाहुल्याला सुरकुत्या पडत नाहीत.

माणसांचं तसं नाही. पहिल्या भागात लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्येच गेले होते. त्यामुळे दुसऱ्या भागात तात्या लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो. ती भूमिका आदिनाथ कोठारेने केली. जोडीला आपल्या मराठवाड्याचा मकरंद अनासपुरे. कथेला पहिल्याची सर नाही, हे कबूल करावंच लागेल. पण दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात तो बाहुला बोलायला लागला की चष्मा लावलेला चाळिशीचा माणूसही खुर्चीत थोडा मागे सरकतो.