खिशातला सेल दगा का देतो?

पेनासारखी किंवा काडेपेटीएवढी दिसणारी, तोंडाला लावून ओढली की दाट वाफ सोडणारी एक वस्तू शहरांतील कॉलेजच्या पोरांच्या खिशात सापडू लागली आहे. कोणी तिला वेप म्हणते, कोणी ई-सिगारेट. आपल्या देशात तिच्यावर बंदी आहे. सप्टेंबर 2019 मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबर 2019 मध्ये कायदा झाला. बनविणे, आयात करणे, वाहून नेणे, विकणे, जाहिरात करणे हे सर्व गुन्ह्यात मोडते, मग ती पूर्ण वस्तू असो की तिचा एखादा सुटा भाग. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. तेव्हा परदेशातून येणाऱ्या मामा-काकांनी भाच्या-पुतण्यासाठी ही भेट आणू नये, हे आधीच सांगून ठेवावे.

मग बंदी असलेल्या वस्तूवर आम्ही या पानावर का लिहितो, असे कोणी विचारील. आपली माणसे आता दूर दूर पोहोचली आहेत. ब्रिटन, अमेरिकेत या वस्तूची विक्री चालते. संयुक्त अरब अमिरातीत, जिथे आपले कितीतरी वायरमन, फिटर, ड्रायव्हर कामाला आहेत, तिथे एप्रिल 2019 पासून ती कायदेशीर आहे. दुसरे असे की या वस्तूच्या पोटात जो सेल असतो तोच आपल्या घरातील टॉर्चमध्ये, पॉवर बँकमध्ये आणि बऱ्याच ई-बाईकच्या बॅटरीतही असतो. निकोटीनचे व्यसन वाईटच, त्यावर वेगळे लिहिता येईल. आज फक्त सेल, कॉइल आणि वॅट यांचा हिशेब पाहू, कारण हा हिशेब चुकल्यामुळे माणसे दगावली आहेत.

मे 2018 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग येथे 38 वर्षांचा एक तरुण अशाच यंत्राच्या स्फोटाने गेला. जानेवारी 2019 मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे 24 वर्षांचा दुसरा. उडालेल्या तुकड्याने त्याच्या मानेची रक्तवाहिनी चिरली. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2009 ते 2016 या काळातील 195 घटना गोळा केल्या. त्यांतील 61 घटना यंत्र किंवा सुटा सेल नुसता खिशात असताना घडल्या, 60 ओढत असताना आणि 48 चार्जिंगला लावले असताना. खिशातला आकडा सर्वांत मोठा आहे, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

आता आत काय आहे ते पाहू. एक सेल, एक छोटी कॉइल, तिच्यात गुंडाळलेला कापूस आणि कापसात भिजलेला द्रव. वीज कॉइलमधून गेली की ती तापते व द्रवाची वाफ होते. आपल्याकडची विजेची शेगडी ज्यांनी वापरली त्यांना कॉइल समजावून सांगावी लागणार नाही. शेगडीची कॉइल तुटली की आपण तिची दोन टोके पिळून पुन्हा जोडतो. जोडताना कॉइल थोडी आखूड होते. मग शेगडी पूर्वीपेक्षा जास्त लाल होते, आठ दिवसांत पुन्हा तुटते, कधी फ्यूजही उडवते. तार आखूड झाली की तिचा रोध कमी होतो आणि रोध कमी झाला की वीज जास्त ओढली जाते. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम तो हाच. व्होल्टला ओहमने भागा, अँपिअर मिळतात.

फरक एवढाच की घरात फ्यूज असतो, फ्यूज गेला की अंधार होतो आणि गोष्ट तिथेच थांबते. वेपच्या काही प्रकारांत, ज्यांना नुसती यांत्रिक नळी म्हणावे, आत कसलाही सर्किट बोर्ड नसतो. धातूची नळी, सेल, बटण आणि कॉइल, बस्स. तिथे अडवणारे कोणी नाही. कॉइल जेवढी वीज मागेल तेवढी सेल देऊ लागतो, आपल्या ताकदीबाहेरची असली तरी.

आकडेच घेऊ. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्ट देतो. कॉइल 0.5 ओहमची असेल तर 8.4 अँपिअर जातात, म्हणजे सुमारे 35 वॅट. चांगल्या सेलला हे जड नाही. कॉइल 0.2 ओहमची केली की 21 अँपिअर आणि 88 वॅट. 0.1 ओहमची केली की थेट 42 अँपिअर! काही जण जास्त वाफ निघावी म्हणून 0.5 च्या दोन कॉइली शेजारी शेजारी बसवतात. त्यांना वाटते रोध एक ओहम झाला. तो होतो पाव ओहम, कारण विजेला एकाऐवजी दोन वाटा मिळतात, आणि सेलमधून जवळजवळ 17 अँपिअर ओढले जातात.

सेल किती सोसतो? या यंत्रांत पुष्कळदा 18650 नावाचा सेल असतो. 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी, म्हणून तो आकडा. सगळे 18650 मात्र सारखे नसतात आणि पोरे फसतात ती इथेच. जास्त वीज एकदम देण्यासाठी बनवलेला सेल सतत 20 अँपिअरच्या आसपास देऊ शकतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल दिसायला तसाच, साठवणीला कदाचित जास्तच, पण त्याला सहा-सात अँपिअरच्या वर नेऊ नये. दोन मडकी सारख्या मापाची असली तरी एकाचे तोंड अरुंद असते, तसे हे आहे. आणि ज्या सेलवर 9900 मिलिअँपिअर-तास असे छापलेले असते, तो बनविणाऱ्याने उघड खोटे लिहिले आहे असे समजावे. या मापाच्या चांगल्या सेलची साठवण साधारण 2000 ते 3600 च्या दरम्यान असते. साठवणीचा आकडा खोटा छापणाऱ्याने अँपिअरचा आकडा खरा छापला असेल का?

सर्किट बोर्ड असलेल्या यंत्रांचा हिशेब उलटा आहे. तिथे वॅट आपण ठरवतो आणि बोर्ड कॉइलला तेवढेच पुरवतो. म्हणून सेलवरचा भार कॉइलच्या ओहमवर नाही, लावलेल्या वॅटवर ठरतो. आयटीआयच्या हुशार मुलाचीही गल्लत होते ती पुढे. एका सेलच्या यंत्रावर 80 वॅट लावले, तर भरलेल्या सेलमधून 19 अँपिअर जातात. सेल उतरत 3.2 व्होल्टवर आला की तेवढ्याच 80 वॅटसाठी 25 अँपिअर लागतात. बोर्डाची स्वतःची गळती धरली तर 27-28. म्हणजे सेल जसजसा थकतो तसतसे त्याच्यावर ओझे वाढते. म्हणून हिशेब नेहमी उतरलेल्या सेलचा करावा, भरलेल्याचा नव्हे. कॉइलवरही '40 ते 60 वॅट' अशी मर्यादा छापलेली असते. तिच्यावर गेले की कापूस जळतो, घसा कडवट होतो आणि नको ते वायू पोटात जातात. सेलची मर्यादा आणि कॉइलची मर्यादा, यांत जो आकडा लहान तो धरायचा.

हाताने कॉइल वळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साध्या मल्टिमीटरने 0.2 ओहम नीट मोजता येत नाहीत, कारण मीटरच्या तारांचाच रोध तेवढा असू शकतो. दोन टोके एकमेकांना लावून आधी तो आकडा पाहावा आणि वजा करावा. कमी ओहमसाठी वेगळे मीटर मिळते.

दोन सेलच्या यंत्रात भार वाटला जातो. वरचेच 80 वॅट असतील तर उतरलेल्या जोडीतूनही सुमारे 14 अँपिअरच जातात. पण जोडी खरी जोडी हवी. एकाच बनावटीचे, एकाच दिवशी घेतलेले, बरोबर वापरलेले आणि बरोबर चार्ज केलेले. एक नवा आणि एक जुना सेल एकामागे एक जोडला की जुना आधी संपतो, आणि नवा त्याच्यातून वीज ढकलतच राहतो. जुन्याची दिशा उलटू शकते आणि तो आतून बिघडतो. घरच्या टॉर्चमध्येही एक नवा, एक जुना असे सेल टाकायची आपली सवय आहे. लिथियमच्या बाबतीत ती सोडावी.

सेल खिशात का पेटतो याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. पूर्ण पत्र्याचे अंग ऋण टोक असते, केवळ वरची टिकली धन. दोघांमध्ये अंतर काही मिलिमीटर, आणि अंगावर असते ते फक्त पातळ प्लास्टिकचे सालपट. ते फाटले, किंवा खिशातली किल्ली, नाणे दोन्हींना एकदम टेकले, की शॉर्ट सर्किट. सेल आतून तापतो, आतला द्रव ज्वालाग्राही असतो, वायू साचतो. दारू मोकळी पसरून पेटवली तर भुर्रकन जळते, सुतळीत आवळली की बॉम्ब होतो. बंद धातूच्या नळीत सेलचे तसेच होते. म्हणून सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवावा. वीस-तीस रुपयांची डबी मांडीचे कातडे वाचवते.

चार्जिंगला लावून झोपू नये. गादीवर, उशीखाली, दाराच्या तोंडाशी तर नकोच, कारण एका खोलीच्या घरात बाहेर पडायची वाट तीच असते. फुगलेला, चेपलेला, पाण्यात पडलेला किंवा हाताला गरम लागणारा सेल पुन्हा चार्ज करू नये. कोणी भाजलेच, तर दवाखान्यात नुसते 'भाजले' न सांगता 'लिथियम सेलने भाजले' असे सांगावे, कारण आतील रसायनांमुळे उपचार वेगळा लागू शकतो.

उरला प्रश्न मेलेल्या सेलचा. ब्रिटनने 1 जून 2025 पासून एकदा वापरून फेकायच्या वेपची विक्री बंद केली. कचऱ्याच्या गाड्यांत आणि डेपोंत लागणाऱ्या आगी हे तिथल्या तक्रारींपैकी एक मोठे कारण होते. आपल्याकडे कचरा वर्गीकरण यंत्राने नव्हे, हाताने होते, आणि ते हात बहुतेक आपल्याच आया-बहिणींचे असतात. भंगाराच्या दुकानात पत्रा वेगळा करायला सेल हातोडीने ठेचला जातो, तोही बहुधा आपल्याच पोराकडून. ठेचलेला लिथियम सेल जागच्या जागी पेटतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून टॉर्चचा, पॉवर बँकेचा, खेळण्यातला, कुठलाही लिथियम सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, वेगळ्या डब्यात ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. आणि वस्तीतल्या भंगारवाल्या भाऊंना एवढे जरूर सांगावे की गोल असो वा चपटा, सालपट निघालेला सेल हातोडीखाली घेऊ नका.